वाटी घेऊन जाता येईल एवढं अंतर

अहो, महिन्यापूर्वी कंपनीचा मंदूब येऊन गेला. तोच, ज्याने इतकी वर्षं आपल्या व्हिसाचे कागद फिरवले आणि दर वेळी तुमच्याकडून दोन-दोन कप चहा उकळला. या वेळी त्याने चहा घेतला नाही. दाराशीच उभा राहिला आणि त्याच्या त्या ओमानी हिंदीत म्हणाला, "मॅडम, माफ करना. आपका व्हिसा साहब के नाम पे था. साहब खलास, तो..." मला त्याचा राग आला नाही. 'खलास' हा शब्द तुम्ही दोघं फोनवर दिवसातून दहादा एकमेकांना ऐकवायचात, कागद झाला की खलास, सही झाली की खलास. त्याच्याकडे दुसरा शब्दच नसावा. मग हळूच म्हणाला, "थोडा टाइम मिलेगा, इन्शाल्ला. बच्चा लोग के पास जाओ."

बच्चा लोग के पास. म्हणजे मधुराकडे टोरोंटोच्या बाहेर त्या लांबलचक उपनगरात, नाहीतर निखिलकडे रॉटरडॅममध्ये, ऐन शहरात, ढगांना टेकलेल्या फ्लॅटमध्ये. दापोलीचं घर तुमच्या भावांचं झालं, आणि पुण्याबाहेर आपण घेतलेला फ्लॅट बिल्डरने अजून नुसत्या खांबांवर उभा ठेवलाय. राहता राहिली ही दोन दारं. शहराच्या पोटात राहावं की शहराबाहेर, हा वाद आपण मस्कतच्या मध्यात, रुवीच्या या तिसऱ्या मजल्यावर लग्नापासून घातला. जेवताना घातला, मुलांच्या देखत घातला, पाहुण्यांना पंच नेमून घातला. निकाल लावायची घाई कधी केली नाही, कारण निकाल लागला असता तर मग बोललो काय असतो? आता तो लावायची वेळ माझ्या एकटीवर आली, आणि समोर तुमची खुर्ची रिकामी.

वाद सुरू कुठून झाला ते आठवतंय? मी नवी नवरी. दुधाच्या पावडरीचं दूध करून ठेवलं आणि तुम्हाला म्हटलं, विरजण कुठून आणू? खाली दुकानात दह्याचे डबे रचलेले होते. तुम्ही ते आणले नाहीत. स्टीलची वाटी घेतलीत, लुंगी सारखी केलीत आणि समोरचं दार वाजवलंत. तिथे कोण राहतं ते तुम्हालाही ठाऊक नव्हतं. मी दाराआड लाजेने अर्धी झाले होते. दार उघडलं हमीदभाईंनी, आपल्या रत्नागिरीकडच्याच माणसाने. तुम्ही हिंदीत काहीतरी सुरू केलंत, तर ते आत वळून ओरडले, "रुकय्या, इरजण हाय काय गो?" तुम्ही परत आलात ते विजयी मुद्रेने. वाटीत चमचाभर दही होतं आणि तोंडावर असं काही, की मस्कत जिंकून आलात.

दुसऱ्या दिवशी रुकय्याने गोड शेवयांचं भांडं पाठवलं. मी ते घासूनपुसून परत करायला निघाले, तर तुम्ही अडवलंत. "रिकामं भांडं कुणी परत देतं का?" घरात काहीच नव्हतं, म्हणून मूठभर साखर घालून दिलं. त्यानंतर या दोन दारांमधून काय काय गेलं-आलं, त्याला गणतीच नाही. आमटी गेली, खिमा आला, तुम्ही माझ्याकडे चोरून बघत तो खाल्लात. पुरणपोळी गेली, सांदणं आली. एकाचं भांडं नेहमी दुसऱ्याच्या घरात असायचंच. आणि तुम्हाला तुमच्या वादातलं सगळ्यात मोठं वाक्य मिळालं. "चप्पल घालून, हातात वाटी घेऊन जाता येईल एवढ्या अंतरावर एक तरी दार पाहिजे. तेवढं असलं की बास. बाकी सगळं गाव कंपासने काढता येतं."

कंपासने तुम्ही काढलीतही. मस्कतच्या किती रस्त्यांचे नकाशे तुमच्या ड्रॉइंग बोर्डवरून गेले आणि पुढे कॉम्प्युटरवरून. गंमत अशी की तुम्ही आयुष्यभर उपनगरं काढलीत आणि राहिलात रुवीत. व्हिलांच्या रांगा, वळणं, गोल चौक. दर वेळी तुम्ही कडेने फूटपाथ काढायचात आणि दर वेळी वरून कुणीतरी तो खोडायचं. एवढ्या उन्हात चालतंय कोण, असं म्हणायचं. घरी येऊन तुम्ही जेवणावर राग काढायचात. मी म्हणायचे, बरोबरच आहे त्यांचं, चालतंय कोण? तुम्ही म्हणायचात, "रस्ता असेल तर चालतील. आधी पाय छाटायचे आणि मग म्हणायचं, याला पळायची हौस नाही."

माझी बाजूही काही हवेतली नव्हती हो. मी चिपळूणच्या बाजारपेठेत दुकानाच्या माळ्यावर वाढले. झोपेतसुद्धा तराजूंचा आवाज ऐकला. मला आयुष्यात एकदा जमिनीवर उघडणारं दार हवं होतं. मातीत लावलेली तुळस हवी होती. रुवीच्या गॅलरीत डब्यातली तुळस एसीच्या गरम वाऱ्याने दर उन्हाळ्यात जळायची आणि मी दर वर्षी नवी लावायची. दुपारी दोन तास तरी कुणाचा हॉर्न नको, खालच्या कॅफेटेरियातली ऑर्डर नको, जिन्यात कुणाच्या पोराची शिकवणी नको. शांतता मागत होते मी. तुम्ही म्हणायचात, "शांतता काय, शेवटी मिळतेच सगळ्यांना."

शहराबाहेर अझैब्याला ती अर्धी व्हिला बघायला गेलो होतो, तो दिवस तर मला रोज आठवतो. तुमच्या साहेबांच्या ओळखीची. अंगणात मोगरा, मागे लिंबाचं झाड, आणि दुपारची अशी शांतता की जुन्या विमानतळावर विमान उतरलं तर तेवढंच दचकायला व्हावं. मी मनातल्या मनात तुळशीची जागासुद्धा ठरवली होती. तुम्ही घरमालक अर्बाबला विचारलंत, कोथिंबीर कुठे मिळते? तो हसून म्हणाला, गाडीने पाच मिनिटं. "चालत?" तुम्ही विचारलंत. त्याला प्रश्नच कळला नाही. मग तुम्ही हट्टाला पेटलात. ऐन ऑगस्टमध्ये, भर दुपारी, भिंतीभिंतीच्या कडेने तुम्ही निघालात ते कितीतरी वेळाने घामाने निथळत परत आलात. हातात कोथिंबीर नाही, ताकाची बाटली. चेहरा लाल. मी घाबरले, अर्बाब घाबरला, त्याने तुम्हाला एसीत बसवून खजूर खायला घातले. तुम्ही श्वास लागलेल्या आवाजात म्हणालात, "या रस्त्याला मी फूटपाथ काढला होता." ते घर आपण घेतलं नाही, आणि त्यानंतर किती दिवस मी तुमच्या पानात ताक वाढलं नाही, ते तुम्हाला चांगलंच माहीत आहे.

मग मुलं परदेशी गेली आणि आपल्या वादाला पासपोर्ट मिळाला. तुम्ही तर त्याआधीच एकदा कंपनीच्या कामासाठी ओसाकाला जाऊन आला होतात आणि येताना पुरावा घेऊन आल्यासारखे आला होतात. "अगं, उपनगर असावं तर तसं. आगगाडीतून उतरलं की स्टेशनाच्या तोंडाशीच भाजीवाला, न्हावी, घड्याळजी. म्हाताऱ्या बायका सायकलवर. चालत घरी जाईपर्यंत चार जणांना मान लववायची." मी म्हटलं, मग उपनगराला तुमचा विरोध कुठे आहे? तुम्ही म्हणालात, "मी उपनगराला कधी वाईट म्हणालो? मी गाडीच्या किल्लीला वाईट म्हणालो." असे निसटायचात तुम्ही. अंगाला तेल लावलेल्या पैलवानासारखे.

रॉटरडॅमला निखिलकडे तुम्ही अगदी हवेत होतात. खाली उतरलं की ट्राम, समोर बेकरी, पलीकडे नदी. इतकी माणसं पायी चालताना बघून तुम्हाला भरून यायचं. सकाळी जाऊन पाव आणायचात आणि दहा वेळा सांगायचात, किल्ली लागली नाही. मग एक दिवस मी मुद्दामच म्हटलं, विरजण संपलंय. तुमचे डोळे चमकले. वाटी घेऊन त्या गालिचा घातलेल्या लांब बोळात गेलात. एक दार, दोन दारं, कुणी उघडेना. रोज जायचात. निखिल कानकोंडा व्हायचा, म्हणायचा, "बाबा, इथे लोक आधी मेसेज करतात." शेवटी एका मुलाने दार उघडलं, कानातले हेडफोन काढून तुमचं सगळं ऐकून घेतलं, आणि अगदी गोड आवाजात सांगितलं की खाली सुपरमार्केट आहे, रात्रीपर्यंत उघडं असतं. तुम्ही परत आलात, वाटी ओट्यावर पालथी घातलीत. मी म्हटलं, "काय? हरलात?" तुम्ही म्हणालात, "हरलो कसला? मोजणी चालू आहे." पण त्या संध्याकाळी तुम्ही खिडकीत बराच वेळ बसून होतात. समोरच्या इमारतीत दिवे लागले होते, प्रत्येक चौकटीत एकेक माणूस जेवत होता. "सगळं पायाशी आणून ठेवलं की शेजाऱ्याची गरजच संपते की काय गं?" असं तुम्ही विचारलंत. मला तेव्हा जिंकल्याचा आनंद झाला. आज वाटतं, त्या प्रश्नाला काहीतरी उत्तर द्यायला हवं होतं.

आणि मधुराच्या गावात तर तुम्ही कमालच केलीत. रस्ताभर एकसारखी घरं, हिरवळ, आणि माणूस औषधाला नाही. मी खूश होते. मागच्या अंगणात बसून मी पहिल्यांदा शांतता ऐकली. तुम्ही पिंजऱ्यातल्यासारखे येरझारा घालत होतात. मधुरा आणि जावई सकाळी निघाले की संध्याकाळपर्यंत आपण दोघंच, आणि नात शाळेत. फ्रिजमध्ये दह्याचे मोठाले डबे होते तरी तुम्ही जावयाचं जाडजूड जॅकेट चढवलंत, खाली तुमचा पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा, हातात वाटी, आणि कोपऱ्यावरच्या घराची घंटा वाजवलीत. त्या पोर्तुगीज आजीने दार उघडून काय पाहिलं असेल? रिकामी वाटी पुढे केलेला एक थंडीने काकडलेला म्हातारा. तुम्ही 'योगर्ट, लिटिल, लिटिल' म्हणत राहिलात. तिने तुम्हाला हाताला धरून आत नेलं, टेबलाशी बसवलं आणि कोबी-बटाट्याचं गरम सूप पुढे ठेवलं. तुम्ही मुकाट्याने प्यायलात, कारण नाही कसं म्हणायचं तेच तुम्हाला कळेना. वर घरी न्यायला पातेलंभर दिलं. संध्याकाळी ती मधुराला गाठून म्हणाली, तुझ्या वडिलांना दुपारी जेवायला मिळत नाही का?

मधुराचा पारा असा चढला होता! "बाबा, लोक काय म्हणतील? आम्ही तुम्हाला उपाशी ठेवतो असं वाटलं त्यांना!" नात मध्ये पडली, तिच्या अडखळत्या मराठीत म्हणाली, "आजोबा बेगर नाय आहे, आजोबा विरजण आहे." आपण सगळे हसून हसून लोळलो. पण तुम्हाला काळजी एकच, पातेलं रिकामं कसं परत द्यायचं? मला बेसनाचे लाडू करायला लावलेत. आजीने पातेलं ठेवून घेतलं आणि दोन दिवसांनी त्यातून पाव पाठवला. मग आपण पोहे, तिने ऑलिव्ह. आपण शिरा, तिने अंगणातले टोमॅटो. तिच्याकडेही तसाच रिवाज असावा, नाहीतर तुमच्याइतकीच खोड असावी. बरं, तिचं इंग्रजी मोडकं आणि तुमचं ऑफिसापुरतं, म्हणूनच जमलं असेल. मधुरा कपाळाला हात लावून म्हणाली, "बाबा, असं केलं तर हे कधी संपणारच नाही!" तुम्ही म्हणालात, "मग?"

तेव्हा मी तुम्हाला पकडलं होतं. "बघा, उपनगरातही दार निघालं ना?" तर तुम्ही आपलंच घोडं पुढे दामटलंत. "निघालं, पण मी गेलो म्हणून. आपली मुलगी इतकी वर्षं इथे राहते, तिला त्या बाईचं नाव माहीत नव्हतं. मुलीची चूक नाही. रस्ताच तसा काढलाय. गाडी थेट गॅरेजात, गॅरेजातून थेट स्वयंपाकघरात. शेजारीण दिसेल कुठून?" निघताना पातेलं आपल्याकडे होतं. तुम्ही मधुराला बजावून सांगितलंत, काहीतरी घालून दे हो, रिकामं देऊ नकोस. ती हो म्हणाली.

मोजणी चालूच राहिली. तेलाचे भाव पडले, कंपनीतली अर्धी माणसं घरी गेली, तुमचं काँट्रॅक्ट एकेका वर्षावर आलं. तुम्ही म्हणायचात, शेवटचा नकाशा काढतो आणि मग ठरवू कुठे राहायचं ते. त्याच सुमारास शहरात नव्या लाल बस सुरू झाल्या. इतक्या वर्षांनी या गावात कुणीतरी बिनगाडीच्या माणसाचा विचार केला म्हणून तुम्ही लहान मुलासारखे त्यात बसून अझैब्यापर्यंत जाऊन आलात, काही काम नसताना. येताना माझ्यासाठी मोगऱ्याचं रोप आणलंत. "घे, तुझं उपनगर." ते अजून जगलंय. पानं करपलीत, पण आहे.

आता ते लिहायचं, जे लिहायला हात उचलत नाही.

शुक्रवारची सकाळ. मी पोहे भिजवले होते, तुम्ही कोथिंबीर आणायला खाली गेलात. परत येताना दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पडलात. मी आवाज ऐकला, पण मी उठून दारापर्यंत जायच्या आधीच जिना माणसांनी भरला होता. हमीदभाई बनियनवर धावले. कॅफेटेरियातला मल्याळी चहाचं गाळणं हातात घेऊन वर आला. खालच्या दुकानातला शिंपी आला, पहिल्या मजल्यावरच्या फिलिपिनो नर्सने तुमच्या छातीवर हात ठेवून दाबायला सुरुवात केली. तळमजल्यावरचा सालिम, ज्याच्या गाडीच्या गाण्यांवरून तुम्ही रोज ओरडायचात, त्याने गाडी फूटपाथवर चढवून दाराला लावली. "यल्ला, यल्ला," म्हणत चौघांनी तुम्हाला उचललं. रुकय्या माझा हात घट्ट धरून होती. इतक्या लवकर, इतके हात. तुम्ही नेहमी म्हणायचात ना, शहराच्या मध्यात राहावं, माणूस पडला तर उचलायला हात असतात. सगळे हात आले हो. एकही दार बंद राहिलं नाही. डॉक्टरही तेच म्हणाले, याहून लवकर कुणी आणूच शकलं नसतं. तुमचा मुद्दा शंभर टक्के खरा ठरला आणि त्याचा काडीचा उपयोग झाला नाही.

याचा मला इतका राग आहे की कुणावर काढू ते कळत नाही. तुमच्यावर काढते. इतकी वर्षं मला गोंगाटात ठेवलंत ते कशासाठी? आणि तुम्ही ज्यावर आयुष्याचा डाव लावलात, त्याने ऐन वेळी तुम्हाला का सोडलं? अझैब्यात असतो तर मी म्हटलं असतं, घर लांब होतं, भिंती उंच होत्या, म्हणून गेलात. मनाला धरायला काहीतरी कारण मिळालं असतं. इथे कारणच नाही. चिमूटभर कोथिंबिरीसाठी गेलात. किल्ली लागली नाही.

तुम्हाला दूर सोहारच्या स्मशानात नेलं. मुलं पोचली होती, मीही गाडीत होते. सगळा रस्ता तुमच्या मनाविरुद्धचा. हायवे, आणि दोन्ही बाजूंना व्हिला, मॉल, व्हिला, पेट्रोल पंप. अझैबा गेलं, सीब गेलं, बरका आलं, तरी मस्कत संपेना. त्यातला एक चौक तुम्ही काढलेला, मला तो ओळखता आला. कडेला वाळूतून एक माणूस एकटाच चालत होता, डोक्यावर ओला रुमाल टाकून. मी निखिलला म्हटलं, बघ. त्याला कळलं नाही मी काय दाखवत होते.

तेरा दिवस घर माणसांनी भरलेलं होतं. रुकय्याने मला चूल पेटवू दिली नाही. डाळ-भात, पेज, भाजी, तिच्या वाट्या येत राहिल्या. हमीदभाई म्हणाले, "वहिनी, तुमी काय टेन्शन घेव नको, आमी हाव." मग मुलं परतली, माणसं आपापल्या कामाला लागली, आणि मला ती मिळाली, जी मी मागत होते. हॉर्न वाजतात, कॅफेटेरियातली ऑर्डर ऐकू येते, जिन्यात पोरांची शिकवणी चालते, आणि घरात अशी शांतता की माझीच पावलं मला ऐकू येतात. तुम्ही म्हणाला होतात, शेवटी मिळतेच सगळ्यांना. खरं होतं तेही. सगळीकडे तुम्हीच खरे ठरत चाललाय, आणि मला ते सोसत नाहीये.

मंदूब येऊन गेला त्या रात्री दोन्ही मुलं एकाच वेळी फोनवर होती. ऐकायला हवं होतंत तुम्ही. निखिल अगदी तुमच्या सुरात म्हणाला, "आई, तिकडे तू दिवसभर एकटी पडशील. गाडी तुला येत नाही. इथे सगळं चालत जाण्यासारखं आहे." मधुरा माझ्या सुरात म्हणाली, "आईला शांतता आवडते. मागे अंगण आहे, ती तुळस लावेल." आपला वाद दोघांनी वाटून घेतलाय. वाटणीत एकाला तुम्ही आलात, एकीला मी. मी ऐकत बसले. कुणाची बाजू घेऊ? तुमची घेतली तर तुम्ही चिडवायला नाही, माझी घेतली तर तुम्ही भांडायला नाही. शेवटी निकाल लागला तो कागदावर. निखिलच्या देशात आईला कायमचं राहू देत नाहीत, मधुराच्या देशात थोडी वर्षं तरी देतात. म्हणून मी उपनगरात चालले. मी जिंकले, अहो. दुधाची तहान ताकावरसुद्धा भागत नाही अशी जिंकले.

फोन ठेवता ठेवता मी सहज विचारलं, "मधू, कोपऱ्यावरची आजी कशी आहे गं?" ती म्हणाली, "आई, ते घर विकलं. तिच्या मुलाने तिला वृद्धाश्रमात ठेवलं. मला खूप उशिरा कळलं." आणि पातेलं? ते गॅरेजमध्ये फळीवर आहे. काहीतरी करून त्यात घालायचं म्हणून राहिलं होतं, ऑफिस, बर्फ, नातीची शाळा, आणि मग ज्या घरात द्यायचं तेच राहिलं नाही. मधुरा फोनवर हमसून हमसून रडली. तुम्ही गेल्यावर पहिल्यांदाच अशी रडली. मी तिला रडू दिलं. त्या रस्त्यावर तुम्ही शोधलेलं तेवढं एकच दार होतं.

आज दुपारी स्वयंपाकघर आवरलं. डबे वाटून टाकले, फ्रिज बंद करून उघडा ठेवला. तुम्ही गेल्यापासून मी दही लावलंच नव्हतं, विरजण कधीचंच आंबलं म्हणून फेकलं होतं. ओट्यावर रुकय्याची शेवटची वाटी राहिली होती, ती घेऊन समोर जायला निघाले आणि दारातच थबकले. घरात घालायला काही नव्हतं. डाळ नाही, तांदूळ नाही, साखरेचा डबासुद्धा सकाळीच पुसून देऊन टाकलेला. सगळी कपाटं उघडून बघितली. शेवटी रिकामी वाटी घेऊनच तिचं दार वाजवलं. मी म्हटलं, "रुकय्या, ही घे. आज माझ्याकडे काही नाही."

तिने वाटीत बघितलं आणि हात मागे घेतला. "रिकामी मी नाय घेवची, वहिनी. भरून आणा."

"कधी आणू गं? मी उद्या चालले. परत नाही यायची."

"मंग तुमच्याकडंच राहू दे," ती म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून आत गेली.

वाटी मी बॅगेत ठेवलीय, तुमच्या चष्म्याशेजारी. मोगरा सालिमला दिला, तो पाणी घालीन म्हणालाय. उद्या विमानातून उतरले की मधुराची गाडी थेट गॅरेजात जाईल, गॅरेजातून मी थेट स्वयंपाकघरात. परवा सकाळी सगळे निघून गेले की मी दही लावायला बसेन, आणि घरचं विरजण नसेल. वाटी घेऊन, जावयाचं ते जॅकेट चढवून, मी त्या रस्त्यावर उभी राहीन. अहो, मोजणी तुमच्याकडे होती. कुठलं दार वाजवू, तेवढं सांगायचं राहून गेलं तुमचं.